डोळ्याच्या खोबणीचा सीटी स्कॅन : मशीनला काय दिसतं आणि आपण काय सांगायचं

मागच्या भागात आपण गटाच्या व्याजाचा हिशेब पाहिला होता. आजचा विषय एकदम वेगळा आहे, आणि तो मी ठरवला नाही, आमच्या गटातल्या एका ताईमुळे माझ्यापुढे येऊन पडला.

ही ताई बुरुडकाम करते. सुपं, टोपल्या, ताटवे. श्रावणात ओला बांबू फाडत बसली होती. कमची हातातून सुटली आणि सपकन उलटून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ लागली. दोन थेंब रक्त आलं. पाण्याने धुतलं, सुनेने अंगावरचं दूध डोळ्यात पिळलं, आणि ताई पुन्हा कामाला बसली. तिसऱ्या दिवशी पापणी सुजून बंद झाली. चौथ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "खोबणीचा सीटी स्कॅन करून आणा."

खोलीच्या दारापर्यंत ताई आली आणि तिथेच पायरीवर बसली. "मी नाई जात वं बाई. मशीनमंदी घालून डोरा काढतेत मनतेत."

मी बीए झालेली, तेही इतिहास घेऊन. मला तरी कुठं माहीत होतं आत काय होतं ते? "अवं, नाई काढत" एवढंच म्हणत बसले. अर्धा तास त्यात गेला. शेवटी टेक्निशियन भाऊ बाहेर आले, तिला आत नेऊन रिकामी मशीन दाखवली, तेव्हा ती उठली. त्यानंतर मी त्या भाऊंना, डोळ्याच्या डॉक्टरांना आणि वॉर्डातल्या सिस्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते आज सांगते.

आधी ती भीती आली कुठून ते बघू, कारण ती उगीच आलेली नाही. २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आली आणि तिच्या मागोमाग काळी बुरशी आली. म्युकरमायकोसिस. ज्यांची साखर वाढलेली, ज्यांना करोनात स्टेरॉइड दिलेलं, अशांना ती जास्त झाली. ही बुरशी नाकात सुरू होते, नाकाशेजारच्या हाडांच्या पोकळ्यांत पसरते, तिथून डोळ्याच्या खोबणीत आणि पुढे मेंदूत जाते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं, की हा साथरोग कायद्याखाली कळवण्याचा आजार करा. नागपूरच्या दवाखान्यांत वॉर्ड भरले. त्यावरचं अँफोटेरिसिन बी हे इंजेक्शन मिळेना, तेव्हा ते वर्ध्याच्या कारखान्यातही बनू लागलं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले लोक नागपूरला गेले. बुरशी कुठवर पोचली ते बघायला त्यांचा आधी स्कॅन व्हायचा, आणि खोबण सडलेली असली तर जीव वाचवायला डोळा काढावा लागायचा. माणूस गावात परत आला तो एक डोळा झाकून. गावाने जोडणी करून टाकली : मशीनमध्ये गेला, डोळा गेला. डोळा बुरशीने गेला होता. मशीनने फक्त ती कुठे आहे ते दाखवलं होतं.

करोनात सीटी स्कॅन आपल्याला ओळखीचा झाला तो छातीचा. "स्कोर किती आला?" हे तेव्हा घरोघरी विचारत होते. आमच्या ताईच्या नवऱ्यानेही फोनवर पहिला प्रश्न तोच केला. खोबणीच्या स्कॅनमध्ये असा स्कोर नसतो. काय दिसलं ते डॉक्टर शब्दांत लिहून देतात.

आता खोबण म्हणजे काय. आपला डोळा हाडाच्या एका वाटीत बसलेला असतो. सात हाडं जुळून ती वाटी बनते. मोठ्या माणसाच्या एका खोबणीत सुमारे तीस मिली मावतं, म्हणजे चहाचे सहा छोटे चमचे. त्यातला साधारण पाव भाग डोळ्याचं बुबुळ-गोळा मिळून असतो. बाकी जागेत डोळा फिरवणारे स्नायू, मेंदूकडे जाणारी नस, रक्तवाहिन्या आणि मऊ चरबी. वाटीची पुढची कड जाड असते, हाताला लागते. पण आतली नाकाकडची भिंत आणि खालचा तळ फार पातळ. नाकाकडच्या भिंतीला डॉक्टरांच्या भाषेत कागदाचंच नाव आहे. त्या भिंतीपलीकडे नाकाच्या पोकळ्या आणि तळाखाली गालाच्या हाडातली पोकळी. म्हणून तर सर्दी बिघडून पोराच्या डोळ्यात पू जाऊ शकतो आणि बुक्की बसली की तळ खाली फुटतो.

हे सगळं बाहेरून टॉर्चने दिसत नाही. साध्या एक्स-रेत सगळी हाडं एकावर एक पडून दिसतात, जशा एका दोरीवर चार लुगडी वाळत घातली तर मागची दिसत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेची नळी डोक्याभोवती गोल फिरते आणि सगळ्या बाजूंनी किरण सोडते. पलीकडे किती किरण पोचले ते मोजून संगणक आतल्या भागाचे पातळ पातळ काप तयार करतो, मिलिमीटरभर जाडीचे किंवा त्याहून पातळ. काकडीच्या चकत्या करून एकेक बघावी तसं. फक्त काकडी अख्खीच राहते.

ही युक्ती काढली इंग्लंडच्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ते ईएमआय कंपनीत होते. हीच कंपनी गाण्याच्या तबकड्या काढायची, म्हणून रेडिओवर हे सांगताना मला जरा मजा वाटते. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या एका रुग्णालयात पहिल्या माणसाचा स्कॅन झाला, मेंदूचा, आणि ती पहिली पेशंट एक बाईच होती. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं.

आता खोलीत शिरू. खोली थंडगार असते, मशीनसाठी एसी लावलेला असतो. बारक्या लेकरासाठी आणि म्हाताऱ्या माणसासाठी शाल न्या. मध्ये एक अरुंद टेबल आणि त्याच्या डोक्याशी उभं मोठं कडं. आपल्याकडे विहिरीत सिमेंटची रिंग टाकतात ना, तशी एक रिंग आडवी न ठेवता उभी केली, तर कशी दिसेल, तशी. दोन्ही बाजूंनी उघडी. बंद नळीत घालतात ती एमआरआयची मशीन, ती वेगळी. ती लांब असते, आवाज ठोक-ठोक मोठा असतो, वेळही जास्त लागतो. लोक दोन्हीत गल्लत करतात.

टेबलावर उताणं झोपायचं. डोकं एका खोलगट उशीत ठेवून कपाळावर पट्टा लावतात. पट्टा बांधला की आमच्या ताईला वाटलं, आता काहीतरी टोचणार. तो फक्त डोकं हलू नये म्हणून असतो. टेबल हळूच सरकतं, डोकं कड्यात जातं, लाल उजेडाची रेघ चेहऱ्यावर पडते. ती माप घेण्यासाठी असते, डोळे मिटून घ्यायचे. मग भाऊ किंवा ताई काचेपलीकडच्या खोलीत जातात. ते तुम्हाला बघत असतात, तुमचं बोलणं त्यांना ऐकू जातं. मशीन गिरणी सुरू झाल्यासारखी घरघरते. त्या वेळात डोळे मिटून बुबुळ स्थिर ठेवायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही. हललं की चित्र पुसट येतं आणि पुन्हा करावं लागतं. खरा फोटो निघायला काही सेकंद लागतात. झोपण्यापासून उठण्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटं. डोळ्याला काहीही लागत नाही, कोणी हात लावत नाही, दुखत नाही. दुखत असेल तर ते आधीच्या माराने.

सोबतच्या माणसाला बहुतेक वेळा बाहेर थांबवतात. लहान लेकरू असेल तर आईला शिशाचा जड एप्रन घालून आत राहू देतात. तेव्हा पोटात बाळ असेल तर आईने थांबू नये, बापाने थांबावं. एकट्या बाईला पुरुष टेक्निशियनसोबत खोलीत जायला संकोच वाटत असेल तर सिस्टर किंवा मावशींना बोलवा म्हणायला लाजू नका.

दागिन्यांचं मात्र नीट ऐका. चेहऱ्याजवळचं सगळं धातूचं काढावं लागतं. कानातलं, केसांतले चाप आणि पिना, चष्मा, निघणारी कवळी, गळ्यातलं. धातूवर किरण आपटून चित्रात पांढऱ्या रेघा मारतात. आणि सगळ्यात अडचणीची असते नाकातली फुली, कारण नाक दोन्ही खोबणींच्या मधोमध. ज्या आजीबाईंची फुली चाळीस वर्षं निघालेली नाही त्यांनी घरूनच साबणाच्या पाण्याने ती सैल करून यावं. नाहीच निघाली तर आधी सांगावं, ओढाताण करू नये. मंगळसूत्र काढायला आमची ताई तयार होईना. मी ते माझ्या पदराला गाठ मारून बांधलं आणि तिच्या डोळ्यासमोर गाठ दाखवली, तेव्हा ती हो म्हणाली. जास्त दागिने घालून जाऊच नका. गोंदण असलेल्या बायका विचारतात, त्याचं काय? सीटी स्कॅनला गोंदणाची काही अडचण नाही. कुंकवाचीही नाही.

कधी कधी हाताच्या शिरेतून औषध देऊन फोटो काढतात. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात, लोक "डाय" म्हणतात. मार लागला असेल, हाड बघायचं असेल, तर ते बहुतेक लागत नाही. पू, गाठ, रक्तवाहिनी बघायची असेल तर लागतं. त्यात आयोडीन असतं. ते शिरेत गेलं की अंगभर गरम लाट येते, तोंडाला लोखंडासारखी चव येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. हे आधी माहीत नसलं तर बाई घाबरून उठून बसते. मिनिटभरात जातं. पण अंगाला खाज, पित्त उठणं, घसा आवळणं, दम लागणं असं काही झालं तर लगेच ओरडून सांगायचं, सहन करत पडून राहायचं नाही. झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं आणि नंतर पाणी भरपूर प्यायचं.

हे औषध किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून आधी रक्त तपासून क्रिएटिनिन बघतात. किती तास उपाशी यायचं ते ज्याचं ते केंद्र सांगतं, तेवढंच पाळा. साखरेची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. किडनी कमी काम करत असेल तर ती काही वेळ थांबवतात. आपल्या मनाने थांबवू नका. दमा असेल, पूर्वी अशा औषधाने त्रास झाला असेल, तेही सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईला पाजणं थांबवायची गरज नसते. गरोदर असाल, पाळी चुकली असेल, तर पहिल्यांदा सांगा. डोक्याच्या स्कॅनमध्ये पोटापर्यंत किरण जवळजवळ पोचत नाहीत, तरी डॉक्टरांनी ते माहीत असूनच ठरवलं पाहिजे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांगावीच लागते : सिकलसेल. गडचिरोली-चंद्रपूरमध्ये किती घरांत आहे ते तुम्हाला माहीत आहे. सिकलसेलच्या पेशंटला कधी कधी मार नसतानाही खोबणीच्या हाडातला रक्तपुरवठा अडतो, हाड दुखतं, डोळा सुजून पुढे येतो. वरून ते पू झाल्यासारखंच दिसतं. उपचार मात्र वेगळा. डॉक्टरांना सिकलसेल माहीत असेल तर ते त्या दृष्टीने बघतील, कदाचित सीटीऐवजी एमआरआय सांगतील, पाणी कमी पडू देणार नाहीत. म्हणून सिकलसेलचं कार्ड रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा.

किरणांची भीती किती बाळगायची? पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येकाला जमिनीतून, आकाशातून थोडे थोडे किरण मिळतच असतात. डोक्याच्या एका स्कॅनला साधारण आठ-दहा महिन्यांत मिळतात तेवढे मिळतात. गरज असेल तेव्हा एकदा केला तर घाबरायचं कारण नाही. पण डोळ्याच्या भिंगाला किरण सोसत नाहीत आणि लेकरांच्या अंगाला मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात, म्हणून "एकदा करूनच टाका साहेब" असा आग्रह आपण धरू नये. आधीचा स्कॅन असेल तर तो दाखवावा.

आता ज्यासाठी मी आज बोलायला बसले ते सांगते. आमच्या ताईचा स्कॅन झाला. पहिलं मत आलं : हाड शाबूत, सूज आहे, बाकी काही दिसत नाही. गोळ्या घेऊन आम्ही परत आलो. सूज उतरली नाही. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म वर धरली आणि विचारलं, "लागलं काय होतं?" ताई म्हणाली, "कमची." ते थांबले. "बांबूची? हे आधी सांगितलं होतं?"

नव्हतं सांगितलं. पहिल्या दवाखान्यात विचारलं तेव्हा ताई म्हणाली होती, "काम करता करता लागलं." मी शेजारीच उभी होते आणि मीही मान हलवली होती. चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं गेलं.

त्याचा फरक असा पडतो. सीटी स्कॅन प्रत्येक वस्तू किती घट्ट आहे त्यावरून ती पांढरी की काळी हे ठरवतो. हाड पांढरं, लोखंडाचा कण झगझगीत पांढरा, हवा काळीकुट्ट. वाळलेल्या लाकडात, बांबूत हवा भरलेली असते, म्हणून त्याचा तुकडा हवेच्या बुडबुड्यासारखा काळा दिसतो. मार लागलेल्या डोळ्यात नाकाच्या पोकळीतून हवा शिरलेली असू शकते, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं हवाच आहे. आणि काही दिवस गेले की लाकूड आतलं पाणी शोषतं आणि आजूबाजूच्या मांसासारखंच करडं दिसू लागतं. म्हणजे लपून जातं. ज्याला माहीत आहे की बांबू लागलाय, तो त्या लांबट काळ्या रेघेकडे दुसऱ्यांदा बघतो. ज्याला माहीत नाही तो पुढे जातो. हा पहिल्या डॉक्टरांचा दोष मी म्हणणार नाही. सांगायचं आमच्याकडे होतं.

त्या डॉक्टरांनी स्कॅन पुन्हा वाचायला दिला, धातू काही नाही याची खात्री करून एमआरआय केला, आणि बोटाच्या पेराएवढी कमचीची काडी काढली. ताईला आता दिसतं, पण वर बघताना अजून दोन-दोन दिसतात. ती काम करते.

धातूचं याच्या उलट आहे. कुऱ्हाडीला धार लावताना, छिन्नीवर घाव घालताना, वेल्डिंगच्या दुकानात, लोखंडाचा कण डोळ्यात गेला असं वाटलं, तर आधी सीटी स्कॅन. एमआरआयमध्ये जबरदस्त चुंबक असतं, ते आतला कण हलवू शकतं आणि डोळा जाऊ शकतो. म्हणून एमआरआयच्या दारात कोणी विचारो न विचारो, "डोळ्यात लोखंड गेलं असेल" हे सांगायचंच. वर्षांपूर्वी गेलं असलं तरी.

तेव्हा दवाखान्यात चिठ्ठी लिहिताना हे सगळं बोलून दाखवा : कशाने लागलं, ती वस्तू ओली होती की वाळलेली, तुटली का, तुटलेला तुकडा सापडला का, कधी लागलं. तुकडा असेल तर कागदात बांधून न्या. बैलाचं शिंग, धानाचं पातं, तेंदूपत्ता तोडताना लागलेली काटकी, मोहाच्या दिवसांत समोर आलेलं अस्वल, जे असेल ते. अस्वल चेहऱ्यावरच येतं, तेव्हा खोबण, गाल, जबडा सगळ्यांचाच स्कॅन लागतो आणि रेबीजची लसही. ज्या ताई फक्त माडिया किंवा गोंडी बोलतात त्यांच्यासोबत दोन्ही भाषा येणारं माणूस द्या. टेक्निशियन कधी कधी हिंदीच बोलतो. "हिलना मत" हे न कळल्यामुळे स्कॅन तीनदा केलेला मी पाहिलाय.

आणि बुक्की. मैत्रिणींनो, हे बोलायला मला जड जातं, पण गटात बसणाऱ्या आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डोळा काळा-निळा होऊन येणारी बाई म्हणते, "दारावर आपटले." दाराची कड लागली तर बहुतेक वेळा भुवई फाटते, बाहेरची कड दुखावते. बुक्की डोळ्यावर बसली की दाब आत जातो आणि पातळ तळ खालच्या पोकळीत फुटतो. वरून कातडी शाबूत, आत हाड गेलेलं. खूण अशी : वर किंवा खाली बघताना दोन-दोन दिसतं, त्या बाजूचा गाल आणि वरचे दात बधिर वाटतात, डोळा आत गेल्यासारखा दिसतो. नाक शिंकरलं की पापणी फुगते. म्हणून असा मार लागल्यावर नाक शिंकरायचं नाही.

मशीनला तुटलेलं हाड दिसतं, जुनं जुळून आलेलं हाडही दिसतं. ते कोणी तोडलं हे दिसत नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं, की बुक्की होती, डोकं भिंतीवर आपटलं, थोडा वेळ शुद्ध नव्हती, तर ते खोबणीसोबत मेंदूचाही स्कॅन लावतील. आत रक्त साचलं असेल तर त्याच रात्री कळेल. "दारावर आपटले" म्हटलं तर कदाचित फक्त डोळ्याचा लावतील. मारहाणीचं कळल्यावर दवाखाना पोलिसांकडे नोंद पाठवतो, त्याला एमएलसी म्हणतात. बायका तिथेच घाबरतात. ती नोंद म्हणजे तुम्ही केलेली तक्रार नव्हे. तक्रार करायची की नाही, कधी करायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली उद्या संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलात तर तो कागद आणि ती फिल्म तुमच्या हातात असेल. महिलांसाठीचा फोन १८१ आहे. सोबत गेलेल्या बाईनेही एक काम करावं : नवरा शेजारी उभा असेल तर त्याला केसपेपर काढायला पाठवावं आणि तेवढ्यात डॉक्टरांशी बोलू द्यावं. हे मी केलंय, जमतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं ते थोडक्यात. रुतलेलं काही ओढायचं नाही. डोळा दाबायचा, चोळायचा नाही. अंगावरचं दूध, मध, पाल्याचा रस, तूप काही घालायचं नाही. कागदी चहाचा कप उलटा ठेवून त्याच्या कडेने चिकटपट्टी लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही. १०८ ला फोन करा. पोराला मार लागला आणि डोळा वरून चांगला दिसतो, पण वर बघताना ते ओकतं, गळून जातं, तर थांबू नका. आत स्नायू फटीत अडकलेला असू शकतो आणि तो लवकर सोडवावा लागतो. सर्दी-तापात एक डोळा सुजला, पुढे आला, फिरेनासा झाला, तरी त्याच दिवशी निघा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा उद्या बघू असं म्हणण्यात अर्थ नसतो.

पैशाचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजचे दवाखाने वेगळ्या विभागाचे, तिथे फी विचारून घ्या. भरती होऊन ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते आधी शोधा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. खाजगीत जायच्या आधी हे विचारा, कारण बाहेर केलेल्या स्कॅनचे पैसे नंतर योजनेतून परत मिळतील असं धरून चालू नका. आमच्या ताईसाठी गटाने अंतर्गत कर्ज दिलं. ते गाडीभाड्यात आणि जेवणातच गेलं.

फोटो लगेच निघतो, पण तो वाचून लिहिलेला रिपोर्ट यायला काही तास किंवा एखादा दिवस लागतो. कधी कधी तो दुसऱ्या शहरातले डॉक्टर संगणकावर वाचून पाठवतात. रिपोर्ट हातात आला की तोच घेऊन घरी जाऊ नका, ज्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला त्यांना दाखवूनच निघा. स्कॅन नॉर्मल आला म्हणजे नजर चांगली आहे असं नसतं. बुबुळावरची जखम, पडद्याला पडलेलं भोक हे स्कॅन नीट दाखवत नाही, ते डोळ्याच्या डॉक्टरांनीच बघावं लागतं. निघताना विचारा : आत काही राहिलंय का, डोळा सगळीकडे फिरतोय का, परत कधी यायचं, आणि काय झालं तर त्याआधी यायचं.

मोठी काळी फिल्म मिळते ती घडी घालू नका, पत्र्याखाली उन्हात ठेवू नका. आमच्याकडे जुन्या फिल्मा खिडकीला लावतात आणि सूर्यग्रहण आलं की पोरं त्यातून सूर्य बघतात. त्यातून डोळ्याचा पडदा जळतो. फिल्म गादीखाली सपाट ठेवा, आणि तिच्यासोबत एका कागदावर तारीख आणि कशाने लागलं ते लिहून ठेवा. आमच्या ताईच्या फिल्मवर मी पेनाने लिहिलंय : ओला बांबू, श्रावण.